लांब पल्ल्याची ब्रेव्हे आणि घर: तयारी तासांच्या हिशोबाने

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. माझी पहिली ३०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेअठरा तासांत पूर्ण झाली. घराचे मात्र तिने अडीच दिवस घेतले. आदल्या दुपारपासून मी सामान मांडत बसले होते, लवकर झोप लागावी म्हणून संध्याकाळीच खोलीचं दार लावून घेतलं होतं, आणि परत आल्यावरचा अख्खा दिवस झोपून काढला. त्यानंतरच्या सकाळी चार वर्षांच्या मुलीने उठल्या उठल्या विचारलं, "आई, तू आज घरी आहेस का?" मी आदल्या दिवशीही घरीच होते.

त्या सकाळपासून आमच्या घरात सायकलिंगचा हिशोब बदलला. तोपर्यंत मी किलोमीटर लिहून ठेवत होते. आता तास लिहिते, आणि ते तास कोणाच्या वाट्याचे होते तेही लिहिते. त्या हिशोबाने मी पुढे ४०० आणि ६०० पूर्ण केल्या. आधीपेक्षा कमी सायकल चालवून केल्या.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर असा वाचक आहे: ४०-५० किलोमीटर आरामात चालवतो, नोकरी आहे, घरी लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील आहेत, आणि २०० पासून सुरू करून कधीतरी ६०० पर्यंत पोहोचायचं आहे.

पायरी १: वेळेची मर्यादा नीट वाचा

ब्रेव्हे ही शर्यत नसते. तिथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेल्या वेळेत, सगळे कंट्रोल, म्हणजे वाटेतली हजेरीची ठिकाणं गाठून, स्वतःच्या जिवावर अंतर पूर्ण करायचं असतं. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास मिळतात. या चारही एकाच हंगामात केल्या की 'सुपर रॅन्डोनर' म्हणतात. बेरीज केली तर सगळ्या मर्यादा मिळून १०० तास ३० मिनिटं होतात.

या आकड्यांतून तयारीची दिशा कळते. थांबे धरून ताशी १५ किलोमीटरच्या आसपास पडले तरी पुरतं. सायकल चालती असताना तुमची सरासरी २० असेल तर २०० किलोमीटरला १० तास लागतात आणि साडेतीन तास हातात उरतात. ६०० ला ३० तास लागतात, १० तास उरतात. त्यात जेवण, झोप, पंक्चर सगळं बसवायचं. म्हणजे वेग वाढवण्यासाठी घराच्या डोक्यावर आठवड्याला पंधरा तास सराव लादायची गरज नाही. सरासरी २० टिकवणारे पाय, दहा तास सहन होणारी सॅडल (सायकलची सीट) आणि खाल्लेलं पचवणारं पोट एवढं तयार करायचं आहे. ते सहा ते आठ तासांच्या आठवड्यात होतं.

एक हिशोब मला फार उशिरा सुचला. समजा २०० किलोमीटरमध्ये तुम्ही आठ वेळा थांबलात आणि दर थांब्याला २० मिनिटं गेली, तर २ तास ४० मिनिटं उभ्याउभ्या गेली. तेच थांबे १० मिनिटांवर आणले की ८० मिनिटं वाचतात. हीच ८० मिनिटं पॅडल मारून वाचवायची तर सरासरी २० वरून २३ वर न्यावी लागेल, आणि त्यासाठी कित्येक महिन्यांचा सराव लागेल. थांबे आवरणं ही सगळ्यात स्वस्तात मिळणारी वेळ आहे आणि तिच्यासाठी घरातल्या कोणाचाही एक मिनिट खर्च होत नाही.

पायरी २: पैसे भरण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा

बहुतेक जण आधी नोंदणी करतात आणि मग घरी सांगतात. सांगितल्यावर समोरच्याकडे 'हो' म्हणण्याखेरीज काही उरत नाही, आणि तो न उरलेला पर्याय पुढचे तीन महिने कुठून ना कुठून बाहेर येत राहतो. आमच्याकडे तसंच झालं होतं. माझा नवरा भांडला नाही. शनिवारी सकाळी तो फक्त गप्प असायचा.

आता आम्ही हंगाम सुरू होण्याआधी एकत्र बसतो. आधी घराच्या तारखा भरायच्या: परीक्षा, वाढदिवस, लग्नकार्यं, ऑफिसमधले गर्दीचे आठवडे, डॉक्टरांच्या भेटी. मग त्याचे तास. त्याला शनिवारी संध्याकाळी मित्रांबरोबर खेळायला जायचं असतं, ते लिहायचं. शेवटी माझ्या राइड. हा क्रम महत्त्वाचा आहे. स्वतःच्या राइड आधी भरल्या की जोडीदाराच्या वाट्याला उरलेल्या फटी येतात.

बोलताना "तुझी हरकत आहे का?" असं विचारू नका. त्याला उत्तर ठरलेलं असतं. "दिवसातली कुठली वेळ एकट्याने सांभाळणं तुला सगळ्यात जड जातं?" असं विचारा. आमच्या घरी ती वेळ संध्याकाळी सहा ते साडेआठ निघाली: अभ्यास, जेवण, आंघोळ, झोपवणं. मी तोवर ऑफिसमधून आल्यावर सहा वाजता राइडला निघायचे. दीड तासाच्या त्या राइडची किंमत पहाटेच्या चार तासांच्या राइडपेक्षा जास्त होती, हे मला माहीतच नव्हतं. तुमच्या घरी ती वेळ सकाळी शाळेच्या गडबडीची असू शकते. ती शोधा आणि तिला हात लावू नका.

दुसरी गोष्ट, तास मोजताना घराच्या बाजूने मोजा. तयारीची १५ मिनिटं, राइड, परतल्यावरची आंघोळ आणि त्यानंतर सोफ्यावर पडून राहिलेला वेळ, सगळं धरायचं. कागदावरचे सहा तास घराच्या वहीत सहज दहा होतात. हा फरक कमी करण्याचे उपाय पुढे येतात.

पायरी ३: परतीची वेळ हाच शब्द

"आज ८० किलोमीटर" असं सांगून निघू नका. "सव्वानऊला दारात" असं सांगा. घरातल्यांना, विशेषतः लहान मुलांना, तुम्ही किती लांब गेलात याचं काही नसतं; कधी येणार हे नक्की माहीत असलं की ती निर्धास्त असतात.

यासाठी सोपी शिस्त आहे. पाच तास हातात असतील तर अर्ध्या तासाची गंगाजळी बाजूला ठेवायची आणि उरलेल्या साडेचार तासांच्या निम्म्यावर, म्हणजे सव्वादोन तासांनी, जिथे असाल तिथून वळायचं. समोरचा घाट दोनच किलोमीटर राहिलेला असला तरी वळायचं. वारा पाठीवर असेल तर त्याही आधी वळा, कारण परतताना तोच वारा छातीवर येणार आहे. पंक्चर झालं नाही तर गंगाजळीतली मिनिटं शिल्लक राहतात आणि तुम्ही लवकर घरी पोहोचता. सलग चार-पाच वेळा वेळेवर आलात की पुढच्या लांब राइडबद्दलचं बोलणं किती सोपं होतं ते पाहा.

पायरी ४: आठवड्याचा सांगाडा

आठवड्याला चार सत्रं पुरतात. मधल्या वारी दोन छोटी, एक मध्यम, आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब.

छोट्या सत्रांपैकी एक कष्टाचं असावं. एकूण एक तास: १५ मिनिटं हळूहळू अंग गरम करणं, मग ८ मिनिटं जोरात आणि २ मिनिटं हलकं, असं चार वेळा, शेवटी थोडा वेळ सैल पाय. 'जोरात' म्हणजे दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण चौथी फेरीही पहिल्यासारखीच निघावी. पहिल्या फेरीत सगळं ओतलं आणि तिसरीला पाय गेले तर जोर चुकला. हे सत्र इनडोअर ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल एका जागी बसवून चालवायच्या स्टँडवर उत्तम होतं. मुलं झोपल्यावर, समोर मोठा पंखा लावून. पंखा नसेल तर शरीर तापतं आणि पायांच्या आधी दम संपतो.

दुसरं छोटं सत्र ४५ मिनिटांचं आणि पूर्ण आरामाचं. मध्यम सत्र दीड तासाचं, त्यात दोनदा २० मिनिटं बऱ्यापैकी जोर, म्हणजे वाक्य तुटत तुटत बोलता येईल इतपत. ऑफिसला सायकलने जाणं शक्य असेल तर हे सत्र तिथेच बसवा. एरवीही प्रवासात जाणारा वेळ वापरला तर घराच्या खात्यातून जवळपास काहीच जात नाही. मी दोन वर्षं मध्यम सत्र फक्त असंच केलं.

'८० टक्के हळू, २० टक्के जोरात' हे सूत्र तुम्ही ऐकलं असेल. व्यायामाचे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या सरावात ही विभागणी दाखवून दिली. पण ते खेळाडू आठवड्याला तुमच्या-माझ्या दुप्पट-तिप्पट तास घालवतात. सहा तासांच्या आठवड्यात ते सूत्र मिनिटामिनिटाने पाळत बसू नका. त्यातला गाभा घ्या: हळू राइड खरोखर हळू असू द्या. चार सत्रांपैकी दोन कष्टाची, दोन आरामाची. वेळ कमी मिळतो म्हणून प्रत्येक सत्रात जीव काढणारे लोक सहा आठवड्यांत थकतात, आणि थकलेला माणूस घरी चिडचिडा असतो.

आणखी एक संशोधन प्रत्येक आई-बापाने लक्षात ठेवावं असं आहे. १९८० च्या दशकात रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांकडून आठवड्याचे ६ दिवस, रोज ४० मिनिटं असा १० आठवडे कसून सराव करून घेतला. नंतर १५ आठवडे सराव कमी केला. काहींचे दिवस ४ किंवा २ वर आणले. दुसऱ्या प्रयोगात मिनिटं २६ किंवा १३ वर आणली. जोर तोच ठेवला तेव्हा शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता टिकून राहिली. जोर कमी केला तेव्हा ती घसरली. म्हणून घरात कोणी आजारी आहे, आठवड्यात दोनच तास मिळणार आहेत, अशा वेळी कष्टाचं सत्र ठेवा आणि आरामाची सोडा. आपला हात नेमका उलटा जातो: "आज वेळ कमी आहे, थोडं हलकं फिरून येते."

पायरी ५: लांब राइड थोड्याच, पण नेमक्या

लांब राइडला पर्याय नाही. सॅडलवर सात तास बसल्यावर कुठे घासतं, तळहात कधी सुन्न होतात, सहाव्या तासाला पोट काय नाकारतं, हे ट्रेनरवर कळत नाही. पण दर आठवड्याला १०० किलोमीटर करायची गरजही नाही.

पहिल्या २०० साठी बारा आठवडे धरा. पहिल्या तीन आठवड्यांत सुट्टीची राइड ५०, ६० आणि ७० किलोमीटर. चौथा आठवडा हलका. त्या सुट्टीचा पूर्ण दिवस घराचा. पाचव्यात ८०, सहाव्यात फक्त दोन तास, सातव्यात १००. आठवा पुन्हा हलका. नवव्यात १२०, दहाव्यात १४०. अकराव्या आठवड्यात ५० पेक्षा जास्त नाही, बाराव्यात ब्रेव्हे. म्हणजे तीन महिन्यांत १०० किंवा त्याहून मोठ्या राइड फक्त तीन. ज्याला १४० किलोमीटर शांतपणे, खात-पीत करता येतात त्याला २०० जमतात. शेवटचे ६० किलोमीटर त्या दिवशी पाय देतात.

निघण्याची वेळ चारची ठेवा. चार ते नऊ या पाच तासांतले निदान तीन तास घर झोपलेलं असतं. अंधारात चालवण्याची सवयही होते आणि ती पुढे ३००-४०० ला लागतेच. हे अर्थातच रस्ता सुरक्षित असेल, सोबत कोणी असेल आणि दिवे चोख असतील तरच.

दुसरी युक्ती: घरचे सगळे जिथे सहलीला किंवा नातेवाइकांकडे गाडीने निघणार आहेत तिथे तुम्ही पहाटे सायकलने निघा आणि परतताना सायकल गाडीवर टाका. शंभर किलोमीटर होतात आणि उरलेला दिवस सगळ्यांबरोबर जातो. मात्र तिथे पोहोचल्यावर आडवं व्हायचं नाही. ते कबूल असेल तरच ही युक्ती वापरा.

मुलांबरोबर सायकल चालवणं मी सरावात धरत नाही. सुरुवातीला धरत होते. "अर्धा तास मुलीबरोबर, तेवढाच हलका व्यायाम." मग ती मध्येच थांबून दगड गोळा करायला लागली की माझं लक्ष घड्याळाकडे जायचं. आता ती वेळ वेगळी आहे, तिची आहे आणि तेव्हा सायकलचा काँप्युटर घरी असतो.

२०० झाल्यावर ३०० साठी चार आठवड्यांचं अंतर पुरतं, कारण २०० हीच ३०० ची सगळ्यात मोठी तयारी असते. मधल्या काळात पाच तासांपेक्षा मोठी राइड नको. एक रात्रीची राइड हवी. ४०० चं तसंच. फक्त तिथे पूर्ण रात्र सायकलवर जाते, म्हणून रात्री ९ ते १ अशी एक राइड आधी करून पाहा. ६०० साठी एकदा शनिवारी सहा तास आणि लगेच रविवारी पहाटे चार तास असं करून बघा. दुखऱ्या अंगाने सॅडलवर पुन्हा बसणं काय असतं हे त्या रविवारी समजतं. मात्र ही दोन दिवसांची जोडी हंगामात एकदाच, फार तर दोनदा करा. सुट्टीचे दोन्ही दिवस गेले की घराकडे काही उरत नाही.

पायरी ६: खाणं, आणि घरी उपाशी न येणं

शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायू आणि यकृतातला कर्बोदकांचा साठा, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतं. ते दोन-तीन तासांच्या जोमाच्या सायकलिंगमध्ये तळाला जातं. म्हणून लांब राइडमध्ये पहिल्या तासापासून खायला हवं, ताशी ६० ग्रॅम कर्बोदकांच्या आसपास. नुसत्या ग्लुकोजचा विचार केला तर आतडं तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषू शकतं; त्याला फ्रुक्टोजची जोड दिली तर ९० पर्यंत जाता येतं, कारण दोघांचे शोषणाचे मार्ग वेगळे आहेत. ब्रेव्हेच्या वेगाला ९० ची गरज नसते. मध्यम आकाराच्या केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. दोन केळी आणि एक खजूर म्हणजे झाला एक तास. उकडलेला मीठ लावलेला बटाटा सहाव्या-सातव्या तासाला फार कामी येतो, कारण तोवर गोडाचा वीट आलेला असतो.

दर २० मिनिटांनी घड्याळाची घंटा लावा आणि ती वाजली की दोन घास खा, भूक असो वा नसो. पोटालाही सराव लागतो. जे ब्रेव्हेला खाणार तेच सरावाला खा. पाणी तहानेप्रमाणे प्या. भीतीपोटी लिटरच्या लिटर साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते गंभीर ठरू शकतं.

याचा घराशी थेट संबंध आहे. राइडच्या शेवटच्या तासात बरेच जण खाणं थांबवतात: "आता घरी जाऊन जेवायचंच आहे." मग दारात येतो तो उपाशी, तिरसट माणूस. मुलगा चित्र दाखवायला येतो आणि त्याला "थांब जरा" ऐकायला मिळतं. शेवटच्या तासातही खा. घरी पोहोचल्यावर लगेच पोटात जाईल असं काहीतरी आदल्या रात्रीच तयार ठेवा. राइडनंतरचा सोफ्यावरचा वेळ माझ्या बाबतीत दोन तासांवरून अर्ध्या तासावर आला तो केवळ या एका बदलाने. दहा तास सहाच्या जवळ आणायचे म्हणतात ते असे.

पायरी ७: झोपेशी तडजोड करू नका

घरात तान्हं बाळ असेल तर हा विभाग दोनदा वाचा. सराव शरीराला ताण देतो आणि झोपेत ते सुधारतं. झोप कापून सराव वाढवला तर फक्त ताण उरतो. माझा नियम असा: पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर त्या दिवशी कष्टाचं सत्र नाही. फार तर अर्धा तास हलकं, किंवा तेवढी झोप. आणि पहाटे चारला निघायचं असेल तर रात्री नऊला झोपायचं. म्हणजे मुलांबरोबरच. ते शक्य नसेल तर पहाटेची राइड रद्द.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचं कामावरचं नियंत्रण रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकं ढळतं. ४०० किलोमीटरची ब्रेव्हे संपवणारा माणूस कधीकधी ३० तास जागा असतो. त्याने स्वतः गाडी चालवत घरी येऊ नये. न्यायला कोणीतरी यावं किंवा तिथेच चार तास झोपून निघावं. ही गोष्ट नोंदणीच्या वेळीच ठरवा. संपल्यावर ठरवायला डोकं जागेवर नसतं. सायकलवरही डोळे मिटायला लागले, रस्त्याच्या कडेची झाडं माणसांसारखी दिसायला लागली की लगेच सुरक्षित जागी थांबून १५-२० मिनिटं झोपा, गजर लावून. वेळेची मर्यादा हुकली तरी चालेल.

पायरी ८: सायकल आणि सामान आदल्या रात्री

इथे थोडक्यात. हवा, ब्रेक, चेन, दिव्यांचं चार्जिंग, भरलेल्या बाटल्या, कपडे, सगळं रात्री एका जागी. पहाटे निघताना कपाट उघडायला लागू नये. पिशवीत दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, मल्टीटूल आणि चेनची जोडकडी. ब्रेव्हेत अंधार पडल्यावर पुढचा आणि मागचा दिवा व रिफ्लेक्टिव्ह जॅकेट बंधनकारक असतं; दिवे प्रत्येकी दोन ठेवा.

सॅडलची उंची मात्र पहिल्याच महिन्यात लावून घ्या. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा पूर्ण सरळ नसावा, साधारण २५ ते ३५ अंशांनी वाकलेला असावा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुन्न होत असेल तर तळहाताच्या कडेच्या नसेवर भार येतोय. हँडलबार थोडा वर घ्या, हात सतत बदलत राहा. दहा तास सोसायचं असेल तर खाली वाकून मिळणाऱ्या वेगाचा मोह नको.

पायरी ९: योजना मोडते तेव्हा

ती मोडणारच. मुलाला ताप येतो, सासूबाई पडतात, ऑफिसचं काम अंगावर येतं. पहिला नियम: बुडालेली राइड पुढच्या आठवड्यात भरून काढायची नाही. पुढच्या आठवड्यात पुढच्या आठवड्याचंच करायचं. दुसरा: स्वतःला ताप असेल तर पूर्ण विश्रांती. तिसरा: १०० आणि त्याहून मोठ्या तीन राइडपैकी दोन बुडाल्या तर ब्रेव्हे पुढे ढकलायची.

एखादा आठवडा गेल्याने काही वाहून जात नाही. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कसलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण बंद केला, तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटली. तीन आठवडे संपूर्ण बंद, आणि तरी एवढीच. मग मुलाच्या उशाशी बसून काढलेल्या पाच रात्रींचा हिशोब कशाला करायचा?

नोंदणी करून न जाण्याची लाज वाटून घेऊ नका. मी एकदा ४०० च्या आदल्या संध्याकाळी सायकल गाडीवर चढवलेली असताना उतरवली. मुलीला धाप लागत होती. दवाखान्याच्या फेऱ्यांमध्ये आमची ती रात्र गेली, आणि त्या रात्री मी दुसरीकडे असते तर पुन्हा कधी सायकलला हात लावला नसता. ४०० पुढच्या हंगामात झाली.

पायरी १०: ब्रेव्हेचा दिवस घरच्यांसाठी

फ्रिजवर एक कागद लावा. त्यावर प्रत्येक कंट्रोलचं अंतर, तो बंद होण्याची वेळ आणि तुमची अंदाजे पोहोचण्याची वेळ. ६०० किलोमीटरपर्यंत बंद होण्याची वेळ साधारणपणे ताशी १५ ने काढतात. म्हणजे ९० किलोमीटरवरचा कंट्रोल सुटल्यापासून ६ तासांनी बंद होतो. आमची मुलगी आता ते गणित स्वतः करते आणि पेन्सिलने बरोबरची खूण करते.

कंट्रोलवर पोहोचल्यावर एकच ओळ कळवायची: कुठे, किती वाजता, कशी आहे. मध्ये फोन लागला नाही तर काय समजायचं हेही आधी ठरवा. आमचं ठरलेलं आहे: अंदाजे वेळेपेक्षा दोन तास उशीर होईपर्यंत काळजी करायची नाही, त्यानंतर आयोजकांचा नंबर, तो कागदावर लिहिलेला असतो. याने नवरा रात्री झोपू शकतो. तेही माझ्या तयारीतच येतं, कारण दुसऱ्या दिवशी घर त्यालाच सांभाळायचं असतं.

कुठल्या परिस्थितीत सोडून द्यायचं तेही घरी बसूनच लिहा: डोक्याला मार, थांबत नसलेल्या उलट्या, दोन्ही दिवे बंद, किंवा घरून "ये" असा फोन. शेवटच्या कारणावर वाद घालायचा नाही.

आणि परतल्यानंतरचा दिवस. ३०० नंतर एक पूर्ण रात्र झोपा, पण सकाळी उठा. मुलांचा डबा, शाळा, भाजी, जे काही तुमच्या गैरहजेरीत जोडीदाराने ओढलं ते त्या दिवशी तुमच्याकडे. पाय दुखतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, पण डबा भरता येतो. ६०० असेल तर सोमवारची रजा आधीच टाका. ती झोपण्यासाठी अर्धा दिवस आणि जोडीदाराला मोकळं करण्यासाठी अर्धा दिवस. सायकल मंगळवारी धुतली तरी चालते.

मोठं स्वप्न असेल तर वर्षही घरच्यांबरोबर निवडा. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकल राइड पहिल्यांदा १८९१ मध्ये शर्यत म्हणून झाली. तेव्हा शार्ल तेराँ यांनी ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. आज ती शर्यत नाही. सुमारे १२०० किलोमीटरसाठी जास्तीत जास्त ९० तास मिळतात. ती दर चार वर्षांनी भरते आणि पुढची २०२७ मध्ये आहे. तिच्यासाठी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण कराव्या लागतात. तेव्हा माझी मुलगी शाळेच्या मोठ्या परीक्षेला बसणार आहे, म्हणून आम्ही २०३१ वर खूण केली आहे. २०२७ चा हंगाम नवऱ्याचा. त्याला डोंगर चढायचे आहेत, आणि त्या वर्षी फ्रिजवरचा कागद तो लिहिणार आहे.